माप आधी, मत मागून

मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी बोलायला बसले की बचत, कर्ज, परतफेड यातलंच काहीतरी असतं. आज मात्र मी कार्टूनवर बोलणार आहे. हसू नका. भाकरी थापत असाल तर हात चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. कारण या कार्टूनमुळेच आमच्या वस्तीस्तर संघात वर्षभर धुमसत असलेली एक गोष्ट मोकळी झाली.

आधी ती गोष्ट सांगते. तुमच्याकडे ग्रामसंघ असतो, तसा शहरात आमचा वस्तीस्तर संघ. आमच्या संघात चौदा गट आहेत. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही एका गटाचा सत्कार करतो. नारळ, साडी आणि विक्री प्रदर्शनात स्टॉलचा पहिला मान. साडीचं एवढं काही नाही हो, पण स्टॉल म्हणजे चार दिवसांची रोख विक्री. ज्या गटाला तो मिळतो त्यांची दोन महिन्यांची चिंता मिटते.

मागच्या वेळी आम्ही हा निर्णय दहा मिनिटांत उरकला. चहा यायचा होता. मी एका गटाचा अहवाल आधी वाचून दाखवला. सुंदर अक्षर, रंगीत फोटो, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेली फाईल. अध्यक्षताई म्हणाल्या, "यांनाच देऊ या ना." भराभर हात वर झाले. ठरलं.

मागे धुणीभांडी करणाऱ्या बायांचा एक गट बसला होता. त्यांच्या वहीतल्या ओळी वाकड्या असतात, हे खरं. पण त्यांच्यातल्या एकीचा नवरा गेला, तेव्हा बाकीच्या नऊ जणींनी सहा महिने तिची बचत आपल्या खिशातून भरली आणि तिला गटात टिकवून धरलं. हे कुठल्या फोटोत नव्हतं. बैठक संपल्यावर त्यांच्या सचिवताई माझ्याकडे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, त्यांना मिळालं त्याचं वाईट नाही. आमचं काय कमी पडलं, तेवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." त्यानंतर तीन महिने त्यांच्यातली एकही बाई संघाच्या बैठकीला आली नाही.

आता कार्टूनकडे येते. आमच्या एका सभासदाची मुलगी पुण्यातच ॲनिमेशन शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "मावशी, तुमच्या बैठकीत दोन छोट्या फिल्म दाखवते. दोन्ही एकाच वर्षी राष्ट्रीय पुरस्काराच्या स्पर्धेत होत्या. निकाल मी शेवटी सांगेन. आधी तुम्ही परीक्षक व्हा." समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, कुणाकडून तरी प्रोजेक्टर आणला आणि आम्ही तेवीस जणी मांडी घालून बसलो. तो धुणीभांडीवाल्या बायांचा गटही आला. मुलीने घरोघरी जाऊन बोलावलं होतं, म्हणून आला.

तिने सुरुवातीला हे काम कसं होतं ते सांगितलं, आणि ते ऐकूनच निम्म्या जणी गप्प झाल्या. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. आपल्या डोळ्याला ती वेगळी दिसत नाहीत, एकच हालचाल दिसते. म्हणजे एका मिनिटाला १,४४० चित्रं. पंधरा मिनिटांच्या फिल्मला २१,६००. एकच चित्र दोनदा वापरून काम अर्ध्यावर आणतात, तरी दहा हजारांच्या वर उरतातच. काही फिल्म हाताने चित्रं काढून होतात. काही बाहुल्या करून. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत केसभर हलवायचा, परत फोटो. दिवसभर राबून हाती लागतात मोजके सेकंद.

आमच्यातल्या गोधडी शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे टाकेच की. एक एक टाका. लांबून बघणाऱ्याला नुसती गोधडी दिसते."

यातलं आपल्या मातीतलंही तिने सांगितलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाची फिल्म केली होती. आगपेटीतल्या काड्या एक एक करून सरकवायच्या आणि टिपायच्या. आपल्या पुण्यात प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हा छोटा व्यंगपट केला. लॉ कॉलेज रोडवर आता जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. आमच्यातल्या दोघी त्याच रस्त्यावरच्या सोसायट्यांत स्वयंपाकाला जातात. त्या म्हणाल्या, "रोज तिथून जातो, कधी कुणी सांगितलंच नाही."

मग पहिली फिल्म लागली. नाव 'टोकरी'. केली आहे मुंबईतल्या स्टुडिओ ईकसॉरसने, दिग्दर्शक सुरेश एरियात. बाहुल्यांची फिल्म आहे. मुंबईतलं एक गरीब घर. छोट्या मुलीच्या हातून वडिलांचं जपून ठेवलेलं घड्याळ मोडतं. ते दुरुस्त करायला पैसे हवेत, म्हणून ती पोर टोपल्या विकायला बाहेर पडते. सिग्नलवर टोपल्या विकणारी एक मुलगी दिग्दर्शकांना भेटली होती, त्यावरून ही गोष्ट सुचली. मैत्रिणींनो, ते घर बघाल तर वाटेल, आपलंच आहे. घरातली एक एक वस्तू हाताने, नखाएवढी करून मांडलेली. पोर रस्त्यावर उभी राहते आणि गाड्यांच्या काचा वर जातात, तेव्हा खोलीत कुणीतरी हुंदका दिला. आमच्यातल्या चौघी-पाच जणींनी लहानपणी सिग्नलवर गजरे विकलेत.

दुसरी फिल्म 'माछेर झोल'. बंगालीत याचा अर्थ माशाचं कालवण. दिग्दर्शक अभिषेक वर्मा. ही चित्रांची. ललित नावाचा तरुण वडिलांसाठी त्यांच्या आवडीचं कालवण रांधतो. मासा आणतो, धुतो, मसाला परततो. सगळं मन लावून, सावकाश. कारण जेवताना त्याला वडिलांना एक गोष्ट सांगायची आहे. आपलं एका पुरुषावर प्रेम आहे, ही गोष्ट. तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून तो आधी जेवू घालणार आहे.

फिल्म संपली आणि शांतता. एकदोघी खाली मान घालून हसल्या. एका आजींनी विचारलं, "म्हणजे नक्की काय गं?" पोरीने सरळ सांगितलं. आजी म्हणाल्या, "असं होय," आणि पदर नीट करून बसल्या.

मग मत. अध्यक्षताई लगेच म्हणाल्या, "यात विचारायचं काय? टोकरीच." भराभर हात वर झाले. एकोणीस 'टोकरी'ला, चार 'माछेर झोल'ला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पोरीने ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "छान. आता सांगा, कशासाठी दिलं?"

मैत्रिणींनो, तिथे आमची गाडी अडली. एक म्हणाली, रडू आलं म्हणून. दुसरी म्हणाली, बाहुल्या गोड होत्या. तिसरी म्हणाली, अध्यक्षताईंनी हात वर केला म्हणून मी केला. सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला वर्षापूर्वीची बैठक आठवली. तेच हात, तेवढाच वेळ, आणि "कशासाठी" या प्रश्नावर तीच शांतता. मी मागे बघितलं. सचिवताई माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हणाले, "थांबा. हे मत रद्द. आधी ठरवू, आपण बक्षीस कशाला देतोय."

तासभर आम्ही त्यावर बोललो. बी.ए. होईपर्यंत मी जेवढे वादविवाद ऐकले, त्यातला एकही इतका रंगला नव्हता.

पहिलं माप निघालं कष्टाचं. गोधडीवाल्या मावशी म्हणाल्या, कष्टाला गुण हवेतच. कष्टात 'टोकरी' जड दिसते, कारण बाहुल्या, कपडे, घर, रस्ता सगळं हाताने घडवलेलं. पण आमची पापडवाली मैत्रीण म्हणाली, "नुसत्या कष्टाला बक्षीस दिलं तर उन्हात राबणाऱ्या प्रत्येकीला द्यावं लागेल. आपण पापडाला भाव देतो तो पातळ, खुसखुशीत झालाय म्हणून. लाटायला किती वेळ लागला ते गिऱ्हाईक विचारत नाही." मला तिचं पटलं. कष्ट मोजायचे, पण ते कामात उतरलेत का, हेही बघायचं.

दुसरं माप साधनांचं. कुणाच्या हाताशी काय होतं? इथे पोरीने परदेशातलं उदाहरण दिलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतला ऑस्कर पुरस्कार लाटव्हिया या चिमुकल्या देशाच्या 'फ्लो' या फिल्मला मिळाला. तिच्यासमोर कोण होतं? 'इनसाइड आऊट २' आणि 'द वाइल्ड रोबोट'. दोन्ही अमेरिकेतल्या बलाढ्य स्टुडिओंच्या. 'फ्लो' मात्र ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेली. पुरात अडकलेलं एक मांजर, एक होडी, बाकीचे प्राणी, आणि अख्ख्या फिल्ममध्ये एक शब्दही बोललेला नाही. लाटव्हियाचं ते पहिलंच ऑस्कर.

हे ऐकून टाळ्या पडल्या. एका मिक्सरवर मसाला करणाऱ्या बाईने कारखान्याला हरवल्यासारखं वाटलं ना! पण तिथेही एक ताई अडल्या. म्हणाल्या, "गरीब होती म्हणून जिंकवली असेल तर ती दया झाली. मला बचत गटाचा माल म्हणून कुणी घेतलेलं आवडत नाही. चांगला आहे म्हणून घ्या." पोरगी म्हणाली, "मावशी, अगदी बरोबर. 'फ्लो' बघताना तिच्याकडे पैसे कमी होते हे आठवतसुद्धा नाही." मग ठरलं की साधनं बघायची, पण ती शेवटी. दोघी तोलामोलाच्या ठरल्या, तर जिच्याकडे कमी होतं तिचं पारडं किंचित जड धरायचं.

तिसरं माप धाडसाचं. इथे वाद पेटला. ज्या चौघींनी 'माछेर झोल'ला हात वर केला होता, त्यातली एक आमची सगळ्यात तरुण सभासद. ती म्हणाली, "टोकरी बघून सगळ्यांचे डोळे भरतात. गरीब पोरीसाठी रडायला आपल्याला धाडस लागत नाही. दुसरी बघताना मात्र सगळ्या अवघडल्या. म्हणजे तिने काहीतरी अवघड केलं." दुसरी म्हणाली, "अवघड म्हणजे चांगलं, असं कुठाय?" तिसरी म्हणाली, "असले विषय कशाला काढायचे?"

पोरीने तेव्हा दोन तारखा सांगितल्या. हा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला एप्रिल २०१८ मध्ये. आणि पुरुषाने पुरुषावर किंवा बाईने बाईवर केलेलं प्रेम हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे ललितची गोष्ट काढली, तेव्हा तसं नातं कायद्याने गुन्हा होतं. खोलीत परत शांतता झाली.

आणि मग त्या आजी, ज्यांनी "म्हणजे नक्की काय" विचारलं होतं, त्या बोलल्या. "मला त्या पोराचं सगळं कळलं असं नाही. पण तो बापाला वाढताना कसा बघत होता, ते कळलं. मी पण सासूला जेवू घालूनच सगळं सांगायचे. नोकरीला जाते म्हणून सांगितलं, ते पुरणपोळी वाढून." सगळ्या हसल्या आणि अवघडलेपण गेलं. मला तर वाटतं, त्या फिल्मचं सगळ्यात चांगलं परीक्षण आजींनीच केलं.

चौथं माप होतं, बघणारीला त्यातून काय मिळालं. हे मोजायला अवघड. एकीने सांगितलं, आता सिग्नलला काच वर जाताना मी पोराकडे बघेन तरी. दुसरी काही बोलली नाही. पण जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माझा मुलगा दोन वर्षं म्हणतोय, आई, तुझ्याशी बोलायचंय. मी दरवेळी विषय बदलते. काय सांगायचंय त्याला, कुणास ठाऊक. आज जाऊन विचारते." या गोष्टीला गुण कसे द्यायचे? मी कुणाला सांगितलं नाही. पण माझं मत त्या जिन्यात बदललं.

मग चिठ्ठ्या. हात वर करायचे नाहीत, नाव घालायचं नाही. चिठ्ठीवर चार मापं, प्रत्येकाला दहापैकी गुण. जिला लिहिता येत नाही तिने रेघा ओढायच्या. बेरीज आली तेव्हा 'टोकरी' पुढे होती, पण अगदी थोडक्यात. कष्टात आणि देखणेपणात 'टोकरी', धाडसात 'माछेर झोल'. एकोणीस-चारचं अंतर विरघळून गेलं. फिल्म त्याच, बायका त्याच. फक्त कशासाठी, ते आधी ठरलं होतं.

आणि आता खरा निकाल. पोरीने सांगितलं, ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्तम ॲनिमेशनपटाचा मान दोन्ही फिल्मना मिळून दिला गेला. विभागून.

आमच्या बायका चिडल्या! "हे काय! एवढा वाद घातला आणि अर्धं-अर्धं?" "ठरवता आलं नाही म्हणून वाटून टाकलं." "भावाभावांत जमीन वाटतात तसं." मला आधी हसू आलं, पण मग विचार केला. विभागणी दोन तऱ्हेची असते. एक भीतीपोटी केलेली. याला नाही दिलं तर तो रुसेल, त्याला नाही दिलं तर हा, म्हणून दोघांना द्या आणि मोकळे व्हा. अशा बक्षिसाने कुणालाच काही कळत नाही. दुसरी, मापं वेगळी असतात म्हणून केलेली. एका फिल्मने हाताचं कौशल्य शिखराला नेलं, दुसरीने न बोलली जाणारी गोष्ट ताटात वाढली. ज्वारीची पायली आणि कापडाची वार, दोन्ही मापं खरी, पण एकाने दुसरं मोजता येत नाही. तिथे विभागून देणं हा न्यायच. अट एकच, कुणाला कशासाठी दिलं हे उघड सांगायचं.

आणखी एक प्रश्न निघाला, तो माझ्या मनात अजून आहे. बक्षिसावर नाव कुणाचं? गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' नावाची फिल्म हाताने रंगवून केली. एकटी राहणारी म्हातारी बाई, तिचं मांजर आणि आगपेट्यांवरची रंगीत चित्रं. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तिला पुरस्कार मिळाले. तिथे नावाचा प्रश्न सोपा, कारण चित्रं त्यांच्याच हातची. पण पुढे त्यांनी 'बॉम्बे रोझ' ही मोठी फिल्म केली, तेव्हा चित्रकारांची अख्खी फौज रंगवत बसली होती. व्यासपीठावर मात्र दिग्दर्शकच जाणार. आपल्याकडेही असंच आहे ना? लाडू वळणाऱ्या दहा आणि फोटोत अध्यक्ष.

यावर पोरीने नीना सबनानी यांचं उदाहरण दिलं. त्यांनी २००९ साली 'टांको बोले छे' केली, म्हणजे 'टाका बोलतो'. कच्छमधल्या कापडकाम करणाऱ्या कारागिरांची ही गोष्ट. त्यांनी कापडावर शिवलेली चित्रंच त्यात हलतात आणि त्यांची माणसं स्वतःच्या आवाजात आपली कहाणी सांगतात. गोधडीवाल्या मावशींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "बघ, मी मघाशी टाके म्हणाले होते."

तुमच्यातल्या धनगरवाड्यांवरच्या बायांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. 'टोकरी'वाल्या त्याच स्टुडिओने आपल्या दख्खनी मेंढीवर आणि तिच्या लोकरीवर 'देसी ऊन' ही छोटी फिल्म केली. लोकरच वापरून केली. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ॲनेसी महोत्सवात तिला परीक्षकांचा पुरस्कार मिळाला. जी लोकर आज कुणी विकत घ्यायला तयार नाही, तिची गोष्ट साता समुद्रापार बक्षीस घेऊन आली. टाळ्या तिकडे वाजल्या, याचा मला आनंदच आहे. पण त्या घोंगडीला इकडे भाव मिळेल तेव्हा ते बक्षीस पुरं झालं असं मी म्हणेन.

आता परत आमच्या भांडणाकडे. त्या संध्याकाळनंतर डिसेंबरची बैठक आली आणि मी पहिलाच विषय ठेवला, सत्काराची मापं. गटाचं नाव कुणी घ्यायचं नाही, आधी फक्त मापं. आपली पंचसूत्री तर आहेच. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. त्याला आम्ही दोन गोष्टी जोडल्या. अडचणीतल्या सभासदाला गटाने कसं सांभाळलं, ही एक. आणि मागच्या वर्षीपेक्षा गट किती पुढे सरकला, ही दुसरी. हे सगळं कागदावर लिहून समाजमंदिराच्या भिंतीला चिकटवलं. मग प्रत्येक गटाने स्वतः उभं राहून आपलं सांगायचं. अहवाल मी वाचायचा नाही, हे मीच ठरवून घेतलं. मागच्या वेळी माझ्या वाचण्याने पारडं झुकलं होतं, हे मी बैठकीत सगळ्यांसमोर बोलले. बोलताना घसा कोरडा पडला. पण बोलले.

तुम्हाला वाटेल, मग धुणीभांडीवाल्या बायांचा गट जिंकला असेल. नाही. त्या दुसऱ्या आल्या. सभासदाला सांभाळण्यात त्यांना सगळ्यात जास्त गुण मिळाले, लेख्यांत सगळ्यात कमी. पहिली आली भाजी विकणाऱ्या बायांची. मला वाटलं, आता परत रुसतील. बैठक संपल्यावर सचिवताई माझ्याकडे आल्या. पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, "ताई, या वेळी का हरलो ते कळलं. त्या कार्टूनवाल्या पोरीला सांगा, वही कशी लिहायची ते आम्हाला शिकव म्हणून." आता दर रविवारी ती पोरगी त्यांच्याकडे जाते. त्यांच्या वहीतल्या ओळी बऱ्याच सरळ झाल्या आहेत.

मैत्रिणींनो, हरण्याने माणूस तेवढा दुखावत नाही. का हरलो हे कुणी सांगत नाही, त्याने दुखावतो. आपल्या गावात बक्षिसं कमी नसतात. आदर्श गट, हळदीकुंकवातली रांगोळी, शाळेतलं पोरांचं चित्र. दरवेळी कुणीतरी जिंकतं आणि बाकीच्या घरी जाऊन मनात कुढतात. तुमच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. पोरांच्या मोबाईलवर कुठल्याही दोन छोट्या कार्टून फिल्म लावा, पंधरा मिनिटांच्या आतल्या. एक हसवणारी आणि एक विचारात पाडणारी असेल तर उत्तम. आधी नुसतं मत घ्या आणि आकडा लिहून ठेवा. मग विचारा, कशासाठी दिलं? चार मापं ठरवा, चिठ्ठ्या घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. शेवटी जिला मत मिळालं नाही, तिच्याबद्दल एक खरी चांगली आणि एक खरी कमी गोष्ट सांगा. फिल्मवर सराव केला की सोपं जातं. फिल्म रुसत नाही.

एकदा हात बसला की मग आपापल्या गटांकडे वळा. कर्ज आधी कुणाला द्यायचं, स्टॉल कुणाला, प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं, सगळीकडे हेच लागतं. माप आधी भिंतीवर, मत त्याच्या मागून.

त्या जिन्यातल्या ताईंचं राहिलंच. मुलाला विचारलं का, म्हणून मी त्यांना विचारलं नाही. पण परवा त्या भेटल्या तेव्हा घाईत होत्या. म्हणाल्या, "आज घरी कालवण करायचंय, पोरगा जेवायला थांबलाय."

बरं, येते मैत्रिणींनो. नमस्कार.